अक्षता आणि बिटरेट

लग्नाचा व्हिडिओ कापून, जोडून, सनईवर बसवून झाला की आता फक्त ‘एक्सपोर्ट’ दाबायचं राहिलं, असं वाटतं. ते दाबलं की एक खिडकी उघडते आणि प्रश्नच विचारत सुटते. फॉरमॅट कोणता? कोडेक कोणता? फ्रेम रेट किती? बिटरेट स्थिर ठेवायचा की बदलता?

पहिल्या दोघांवर फार डोकं चालवू नये. एमपी४ आणि आत एच.२६४. हे मानक २००३ सालचं, म्हणजे या धंद्यात आजोबाच. पण चालत नाही असा फोन किंवा टीव्ही शोधावा लागेल.

फ्रेम रेटला मात्र दोन पक्ष असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्ही सेकंदाला २५ फ्रेमचा, आणि लग्नाचा कॅमेरावालाही बहुधा २५वरच. वरात मात्र भाच्याने फोनवर काढलेली असते, आणि फोन बहुतेक ३०वर. इथे तडजोड म्हणून मधला आकडा काढू नये. ज्याचं चित्रण जास्त, त्याचा फ्रेम रेट. मग वरातीतली दर सहावी फ्रेम गळते. वरातीतला नाच पाहता ते कोणाच्या लक्षात येत नाही.

खरं रामायण बिटरेटचं. १०८० रेषांचं, २५ फ्रेमचं चित्र काहीही न दाबता साठवलं तर सेकंदाला सुमारे ६२० मेगाबिट लागतात. यूट्यूब सुचवतं ८. उरलेलं जातं कुठे? कोडेक चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि मागच्या फ्रेममध्ये जे होतं ते पुन्हा लिहायचं टाळतो. गुरुजी स्थिर, अंतरपाट स्थिर, मागची फुलांची कमान स्थिर. मंगलाष्टकं चालू असताना कोडेक अगदी आरामात असतो. मामा जरा हलले तर तेवढ्या चौकोनाची नोंद करतो. आणि मग ‘सावधान’ होतं. शेकडो तांदूळ हवेत, प्रत्येकाची दिशा वेगळी, एकालाही मागचा इतिहास नाही. तेवढ्या आठ मेगाबिटांत कोणाकोणाला सांभाळणार? नेमका जो क्षण बघायला सगळे बसलेले असतात, त्याच क्षणी नवरानवरीचे चेहरे चौकोनी होतात. गुलाल, फटाक्यांचा धूर, आंबोलीचा पावसाळी धबधबा, सगळ्यांची हीच तऱ्हा. कोडेकच्या दृष्टीने आदर्श लग्न नोंदणी कार्यालयातलं.

तेव्हा आपण १६ किंवा २० द्यावेत. कारण आपली फाईल जशीच्या तशी कोणालाच दिसत नाही. यूट्यूब ती स्वतःच्या पद्धतीने पुन्हा दाबतं. निवडून नेलेले गहू गिरणीवाला दळणारच, म्हणून खडे तसेच ठेवून कोणी दळण नेत नाही. काही वस्ताद तर १०८०चं चित्र ताणून फोर-के करून चढवतात, कारण मोठ्या चित्राला तिकडे जास्त बिट मिळतात. मला ही लबाडी वाटते. अक्षतांपुरती माफ.

फाईल फुगेल ही भीती खरी आहे. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ एमबी, तासाभराच्या विधींना साडेतीन जीबीच्या वर. १६ला त्याच्या दुप्पट. पण यूट्यूबची मर्यादा २५६ जीबी किंवा १२ तास. हळद, सीमांतपूजन, रुसवेफुगवे, सगळं मावतं.

चढवल्यावर लगेच लिंक पाठवण्याची घाई नको. आधी कमी दर्जाची आवृत्ती तयार होते, एचडी मागाहून येते. उत्साही काका पहिल्या पाच मिनिटांत बघून ‘धुरकट आलंय’ असं कळवून मोकळे होतात.

बाकीचे नातेवाईक बिटरेटचं नावही काढत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच: आम्ही कितव्या मिनिटाला आहोत? त्यावर उपाय आहे. वर्णनात वेळा लिहिल्या की व्हिडिओची प्रकरणं पडतात. सुरुवात ०:०० पासूनच हवी, प्रकरणं निदान तीन हवीत आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचं. या शेवटच्या अटीपायी चार सेकंद दिसलेल्या आत्याबाईंना स्वतंत्र प्रकरण देता येत नाही. त्यांना पंगतीतच बसवावं लागतं.