माळ्यावरची जावा

आमच्या साहेबांची मेमरीवर फार श्रद्धा. जावाचा सर्व्हर अडला, लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' उमटलं, की पुण्याहून मला कोरेगावात फोन येतो, "एक्सएमएक्स वाढव." म्हणजे जावाला वस्तू ठेवायला दिलेल्या मेमरीची, अर्थात हीपची, कमाल मर्यादा. ती सांगितली नाही, तर जावा यंत्राच्या मेमरीतला साधारण पाव हिस्सा घेऊन गप बसते. इतकी ती मर्यादशील. आम्ही ४ जीबीचे ८ केले, ८चे १६. दुपारी पडणारा सर्व्हर तिन्हीसांजेला पडू लागला, नेमका मी आत्याच्या वाघ्या घेवड्याच्या आमटीत भाकरी चुरतो तेव्हा. (कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या सॉफ्टवेअरला कसलंच नाही.)

जावात कचरा उचलायला गार्बेज कलेक्टर असतो. १९९५ साली ती आली ती त्याला घेऊनच. माणूस कामसू, पण कायद्याचा. ज्या वस्तूवर कुणाचाच हक्क उरला नाही, तीच उचलणार. एकानं जरी तिचा धागा धरून ठेवला, तरी हा हात लावत नाही.

आमच्या माळ्यावर हाच कायदा.

"आत्या, हा फुटका कंदील टाकू?"

"तुझ्या आज्ज्याचा हाय त्यो."

"आणि ही बिनबुडाची घागर?"

"रहिमतपूरच्या मावशीची हाय. तिला इचारल्याबिगर टाकू नगंस."

मावशीला घागर आठवतही नाही. पण नाव तिचं, त्यामुळे घागर अमर.

साहेब आता ३२ जीबीच्या पुढं निघाले होते. त्या हद्दीपलीकडं जावाला प्रत्येक वस्तूचा पत्ता चाराऐवजी आठ बाइटांत लिहावा लागतो, आणि ३३ जीबीत ३१पेक्षा कमी सामान मावू शकतं. हे सांगितल्यावर फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.

मग मी सर्व्हरला पडतापडता स्वतःचा पंचनामा लिहून ठेवायला लावलं; त्याला हीप डंप म्हणतात. त्यात लॉगआउट न करता निघून गेलेल्यांची सेशनं निघाली, ढिगानं. टॉमकॅट, म्हणजे आमचा हा जावाचा सर्व्हर, मुळात रिकाम्या सेशनला ३० मिनिटं देतो. आमच्याकडं तिथं उणे एक लिहिलेलं. म्हणजे यावच्चंद्रदिवाकरौ.

"साहेब, हे काढू?"

"अरे, ग्राहकानं मागून घेतलंय ते. त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस."