एवढ्याशा कामाचे एवढे?

बी विंगमधील सन्माननीय सभासद यांस,


परवा आपल्या दारात प्लंबरबरोबर झालेला हिशेब अख्ख्या विंगने ऐकला. ज्यांच्यापर्यंत आवाज पोचला नाही त्यांचीही सोय व्हावी, म्हणून सोसायटीचा सचिव या नात्याने हे पत्र सूचनाफलकावर लावत आहे.

प्रसंग असा. न्हाणीघरातल्या नळाचा स्पिंडल बदलायचा होता. स्पिंडल आपण आणून ठेवला होतात. प्लंबरला वीस मिनिटं लागली आणि मजुरीचे त्याने ५०० रुपये मागितले. तेव्हा आपण मोबाइल काढून मांडलेलं गणित असं : वीस मिनिटांचे ५००, म्हणजे तासाचे १,५००, दहा तासांचे १५,०००, महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,९०,०००. "आमच्या आयटीतल्या जावयाला एवढा पगार नाही!" असं आपण गरजलात. जावईबापूंच्या पगाराचा विंगला अंदाज आला, तो फुकटात.

गणित बिनचूक आहे. एवढंच की त्यात प्लंबर रोज तीस नळ दुरुस्त करतो आणि ते तीसही नळ एकाच भिंतीत ओळीने बसवलेले असतात. प्रत्यक्षात तो सकाळी वारज्याहून निघतो, कर्वेनगरला कोणाचा तरी फ्लश टँक बघतो आणि तिथून औंधला जातो. औंधला दार उघडतं आणि सांगण्यात येतं, "साहेब घरी नाहीत, संध्याकाळी या." या फेरीचे पैसे कोणी देत नाही. मग आपली सोसायटी. वॉचमनच्या वहीत नाव-गाव-फोन, लिफ्ट वापरायची नाही, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. या नियमाखाली सही माझीच आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही. त्यातून गुरुवारी महापालिकेने पाणी बंद ठेवलं, तर नळ बसवूनही तो गळतो की नाही हे बघायला शुक्रवारी पुन्हा यायचं.

आता आपल्याच मोबाइलवर आणखी एक गणित करून पाहावं. समजा पेट्रोल, हत्यारं आणि घरखर्च धरून त्याला दिवसाला १,५०० सुटायला हवेत, आणि या सगळ्या वणवणीत पैसे देणारी कामं मिळाली तीन. भागाकार जमला नाही तर जावईबापूंना विचारावं. त्यांना कॉफी मशीनपाशी उभं राहिल्याचाही पगार मिळतो, तापाच्या दिवसाचाही मिळतो आणि वर भविष्यनिर्वाह निधी असतो. प्लंबरला ताप आला की त्याचं बिल आपण दिलेल्या पाचशेतच बसवावं लागतं.

शिवाय आपली इमारत जुनी. भिंतीतले जीआय पाइप आतून गंजलेले, आटे खाल्लेले. पाना जरा जास्त फिरला की भिंतीतलाच तुकडा मोडतो, मग टाइल फोडा. त्या टाइलचं डिझाइन बाजारातून केव्हाच गेलेलं असतं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ओलं छत दाखवायला माझ्याकडे येतात. तेव्हा "हे तूच तोडलंस" असं प्लंबरला कोण म्हणणार, याबद्दल विंगमध्ये एकमत आहे. ज्याचे हात असे एकदा पोळलेले असतात तो हा धोका दरात धरतो. नवखा दोनशेत तयार होतो. पाना कुठे थांबवायचा हे तो अजून शिकतोय, आणि शिकायला आपलंच न्हाणीघर आहे.

लगतच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तर आपण थेट जूनमध्ये, पहिली सर आल्यावर, तिघांकडून दर मागवलेत. एकाने काम उक्तं सांगितलं, दुसऱ्याने स्क्वेअर फुटावर आणि तिसऱ्याने रोजाने. आपण तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहून सगळ्यात लहान आकड्याला गोल केलात. पहिल्याच्या आकड्यात जुना ब्रिकबॅट कोबा फोडून राडारोडा खाली उतरवणं आणि टेम्पोने नेणं होतं. दुसऱ्याच्या आकड्यात फक्त वरचं केमिकल होतं. तिसऱ्याने गवंडी आणि बिगारी यांचा एका दिवसाचा रोज सांगितला होता, दिवस किती ते नाही. गोल तिसऱ्याला पडला. राडारोडा अजून पार्किंगमध्ये आहे.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातं दरांचं विश्लेषण छापतं, ते एकदा चाळावं. सामान किती, गवंड्याच्या दिवसाचा कितवा भाग, बिगाऱ्याच्या दिवसाचा कितवा भाग, सगळं दशांशात. त्यावर पाण्याचा १ टक्का आणि मग ठेकेदाराचा नफा व वरखर्च म्हणून १५ टक्के. पाण्याचा टक्कासुद्धा न विसरणारं सरकार त्या पंधरा टक्क्यांना सरळ मान्यता देतं. परवा आपण त्यासाठी 'लूट' हा शब्द वापरलात, आणि तोही बाहेर जिन्यात उभं राहून.

प्लंबर लोक संत आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. दारातला इटालियन मार्बल पाहून काहींचा आकडा चढतो. वॉशरने भागण्यासारखं असताना "पूर्ण फिटिंगच बदलावं लागेल" असं सांगणारे आहेत. सामानाची यादी देताना दुकानाचं नावही देणारे आहेत, आणि त्या दुकानातून त्यांना काही सुटतं. "द्या काय द्यायचं ते" म्हणणाऱ्याला तर मी सगळ्यात महाग समजतो. या सगळ्याला आळा घालणारे प्रश्न पाना हातात घेण्याआधी विचारायचे असतात : मजुरी किती, सामान कोण आणणार, काढलेला भाग दाखवणार का, पुन्हा गळलं तर फेरीचे वेगळे लागणार का. असले क्षुद्र प्रश्न आपण तत्त्व म्हणून विचारत नाही. "तू कर रे आधी, पैशाचं बघू नंतर" हे आपलं तत्त्व आहे, आणि मग पैशाचं नंतर सगळी विंग बघते.

शेवटी सौदा साडेतीनशेवर पटला. तोपर्यंत त्याच वीस मिनिटांत "जाता जाता" बेसिनचा वेस्ट पाइप साफ झाला होता, गीझरचा अँगल कॉक घट्ट झाला होता आणि माळ्यावरून दिवाळीचा कंदील खाली आला होता. कंदील हा प्लंबिंगचा कोणता प्रकार, हे कळल्यास नोंद ठेवता येईल. चहा मात्र आपण पाजलात, आणि मोठ्या मनाने तो हिशेबात धरलात.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
सचिव

ता. क. – गेल्या दिवाळीत रंगाऱ्याशी भांडून आपण रंगाच्या डब्यांतली कूपनं काढून घेतलीत असं कळलं. कंपन्या ती रंगाऱ्यासाठी ठेवतात आणि काही रंगारी ती धरूनच मजुरी कमी सांगतात, पण ते असो. ती वटवायला बहुतेक ॲपवर रंगारी म्हणून नाव नोंदवावं लागतं. आपण नोंदवलं असल्यास जिन्याचं रंगकाम बाकी आहे. सामान सोसायटीचं. मजुरीचा दर लेखी कळवावा. बाकी दोघांचे आले आहेत.