मसीविचार : डाव्या तर्जनीवरील काळ्या रेघेची मीमांसा

निवडणुकीवर पुष्कळ लिहून झाले आहे. जाहीरनामे, युत्या, पक्षांतरे आणि मतांचे टक्के यांवरच्या ग्रंथांनी कपाटे भरली. परंतु या सगळ्या खटाटोपात मतदाराला घरी नेता येईल अशी वस्तू एकच मिळते, आणि नेमकी तीच विद्वानांच्या नजरेतून सुटली. ती वस्तू म्हणजे बोटावरची शाई. ही उणीव भरून काढावी म्हणून प्रस्तुत लेखकाने गेली कित्येक मतदाने स्वतःच्या बोटावर निरीक्षणे केली. मीमांसकांनी कोणत्याही वादाची पाच अंगे सांगितली आहेत. त्याच क्रमाने जाऊ. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेने हा क्रम पाळला असता, तर पार्किंगचा प्रश्न केव्हाच सुटला असता.

विषय

मतदान केंद्रात टेबले तीन. एक नंबरचा अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो. दोन नंबरचा शाई लावतो, सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तीन नंबरचा ती चिठ्ठी घेतो, बोट पाहतो आणि यंत्र मोकळे करतो. दोन नंबरच्या खुर्चीत पुष्कळदा शाळामास्तर असतात. वर्षभर पोरांना ‘बोटाची शाई धुऊन या’ म्हणणारा हा माणूस त्या दिवशी येईल त्याच्या बोटाला शाई फासत बसतो.

शाईचे मर्म सिल्व्हर नायट्रेटमध्ये आहे. कातडीवरच्या मिठाशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते आणि उजेड लागताच काळे पडते. खाल्ल्या मिठाला जागणारा संपूर्ण निवडणुकीतला हा एकमेव घटक, असे आमचे मत आहे. कातडीवरची रेघ काही दिवसांत फिकी होते. नखावरची मात्र नखाबरोबर सरकत सरकत कापली जाईपर्यंत टिकते. लिंबू, पपईचा चीक, काडेपेटीची काडी असे उतारे दर निवडणुकीला कट्ट्यावर सांगितले जातात. सांगणाऱ्याच्या बोटावरची रेघ त्या वेळी ठळक असते.

ही शाई म्हैसूरला होते. तेथील महाराज नाल्वडी कृष्णराज वोडेयार यांनी १९३७ मध्ये लाख आणि रंगांचा कारखाना काढला. आज तो कर्नाटक सरकारचा आहे आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून देशाला शाई पुरवतो. २०२४ च्या लोकसभेला २६ लाखांवर कुप्या लागल्या. दहा मिलिलिटरच्या एका कुपीत सातशेच्या आसपास बोटे रंगतात. इतकी काटकसर प्रचारात दिसत नाही.

संशय

डावी तर्जनीच का? हाताची पाचही बोटे सारखी नसतात, तेव्हा प्रत्येकाची पात्रता तपासणे आले.

करंगळी बाद. ती वर केली की काय समजायचे, हे मराठी शाळांनी फार पूर्वी ठरवून टाकले आहे. अंगठाही बाद. सही न येणाऱ्याचा ठसा नोंदवहीत उमटवायला तो लागतो, आणि एका अवयवावर दोन सरकारी कामे टाकणे बरे नव्हे. मध्यमा राखीव आहे. फेरमतदान झाले तर तर्जनीवर जुनी रेघ असतेच, म्हणून डाव्या हाताची मध्यमा पुढे करावी लागते.

उरली अनामिका. तिला नावच नाही आणि मतदारयादीत नावाशिवाय चालत नाही. हा विनोद वाटेल, पण तो एकदा फार महागात पडला आहे. पहिल्या निवडणुकीच्या याद्या तयार होत असताना, विशेषतः उत्तर भारतात, असंख्य बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नाव हवेच असा आग्रह धरला, आणि सुमारे २८ लाख अनामिका यादीतून गळाल्या.

म्हणून तर्जनी. तर्जन म्हणजे धाक दाखवणे. पाच वर्षे जिने पुढाऱ्यांना दटावायचे, तिलाच आधी पुढे करवून घेतले जाते. आता डावीच का, तर उजवी जेवणाची. वरणभातात सिल्व्हर नायट्रेट कालवण्याची परंपरा आपल्याकडे नाही.

पूर्वपक्ष

येथे प्रतिपक्षी म्हणतो, की ही रेघ म्हणजे निव्वळ अविश्वास आहे. नागरिकाला राजा म्हणायचे आणि दाराशी त्याचे बोट तपासायचे! १९५१-५२ मध्ये देशाने १७ कोटींहून अधिक माणसांना मताचा हक्क दिला आणि सोबत शाईच्या ३,८९,८१६ कुप्याही खर्ची घातल्या. म्हणजे विश्वास आणि संशय हे जुळे भाऊ.

त्यात भर म्हणून बूथवरचा एजंट. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर त्याने दोन रुपये भरायचे. शंका एवढ्या स्वस्तात इतर कोठे मिळते? आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मिळते. ती पाकिटात बंद करून वेगळी ठेवतात.

शिवाय हा संशय सांसर्गिक आहे. २०१६ च्या नोटबंदीत नोटा बदलणाऱ्यांच्या बोटाला बँकांनी शाई लावावी असे ठरले, तेव्हा निवडणूक आयोगाने अर्थ मंत्रालयाला पत्र लिहून मतदानात घोळ होऊ नये अशी काळजी घ्यायला सांगितले. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारला. प्रतिपक्षी म्हणतो, सरकारला माणूस लक्षात ठेवायचा असला की ते त्याच्यावर शाई लावते.

उत्तरपक्ष

प्रतिपक्षी हुशार आहे, पण त्याने नियम शेवटपर्यंत वाचलेला नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ३७ वा नियम पाहावा. शाई लावू न देणाऱ्याला, किंवा बोटावर आधीच खूण असलेल्याला मतपत्रिका मिळणार नाही, असे तो प्रथम दरडावतो. येथपर्यंत प्रतिपक्ष्याचे बरोबर. मग चौथ्या पोटनियमात त्याचा सूर बदलतो.

डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताचे दुसरे कोणतेही बोट. डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजवी तर्जनी, किंवा उजव्या हाताचे दुसरे बोट. दोन्ही हातांना एकही बोट नसेल, तर डाव्या किंवा उजव्या हाताचे जे टोक असेल ते. हा बोटांचा वारसाहक्क आहे. भावकीच्या जमिनीचाही इतक्या नेटकेपणाने लावलेला आम्ही पाहिला नाही.

सरकारी खिडकीवर एक कागद कमी असला की ‘उद्या या’ ऐकायची आपल्याला सवय. येथे दहाही बोटे नसलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणायची सोय नियमाने ठेवलेली नाही. ज्याला सगळ्यांवर संशय घ्यायचा आहे, त्याला सगळ्यांना आत घ्यावेच लागते. १९५१ साली नाव नाही म्हणून माणूस गळला. दहा वर्षांनी लिहिलेल्या नियमात बोट नाही म्हणून माणूस गळत नाही.

आणखी एक. ही रेघ तुम्ही आलात एवढेच सांगते, कोणाकडे गेलात हे सांगत नाही. घराघरांत आज नवरा-बायको एकाच रंगाची बोटे घेऊन समोरासमोर जेवतात आणि एकमेकांचे मत विचारून थकतात.

निर्णय

मतदार दर पाच वर्षांनी बोट देतो. त्यानंतर हात कोण धरतो, तो शाईचा दोष नव्हे. शाईपुरता निर्णय असा, की ती संशयाच्या पोटी जन्मली असली तरी हाताच्या शेवटच्या टोकापर्यंत माणसाला शोधत जाते.

सबब वाचकांस एवढीच विनंती. पुढच्या वेळी दोन नंबरच्या टेबलावर रुमालाने घाम पुसून डावा हात पुढे करावा आणि रेघ वाळेपर्यंत मास्तरांपुढून हलू नये. मागे रांग आहे, पण तेवढा वेळ रांगेने द्यायला हरकत नाही.