नवस बदलून मिळेल

आमच्या जावईबापूंची श्रद्धा एक्सेल शीटवर. झुरिकहून एका दिवसात आलेच हिमनदी पाहून परत यायचं ठरलं आणि तासाभरात शीट आली. ब्रिगला गाडी बदलायची, फिश गावात उतरायचं, पाळण्यात बसून फिशरआल्प गाठायचं, तिथून डोंगराच्या पोटातल्या किलोमीटरभर लांब बोगद्यातून चालत पलीकडे. "पाणी पिणे" आणि "फोटो" असे दोन वेगळे रकाने होते. सौभाग्यवतींनी शीट वरून खाली वाचली आणि विचारलं, "दशम्या कोणत्या रकान्यात खायच्या?"

त्याआधी पुण्यात महिनाभर आम्ही पर्वतीवर सराव केला होता. १०३ पायऱ्या. पहिल्या आठवड्यात रोज, दुसऱ्या आठवड्यात हवा बघून, आणि नंतर खालून नमस्कार करून. एवढ्या तयारीवर आल्प्समध्ये चालता येईल का, असं लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तिकडे वाटेवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर अंतर नसतं, किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं."

हे ऐकून मी जास्तच धास्तावलो. तास म्हणजे कुणाचा तास? दहा वर्षांच्या स्विस पोराचा, की माझ्या डाव्या गुडघ्याचा? आपल्याकडे डोंगरात वाट विचारली की गुराखी म्हणतो, "हे काय, त्या टेपाडाच्या पलीकडं." ते टेपाड दीड तासाने येतं, पण चालणाऱ्याचं मन मोडत नाही. पाटीला मन कुठून असणार?

आता नदीविषयी. आल्प्समधली ही सगळ्यांत मोठी हिमनदी. लांबी सुमारे २० किलोमीटर, म्हणजे स्वारगेटहून निघून सिंहगडाच्या पायथ्याच्या जवळपास पोचण्याइतकी. वर काँकॉर्डियाप्लाट्झ नावाच्या पठारावर बर्फाचे मोठे प्रवाह एकत्र येतात. येताना प्रत्येक जण काठचे दगडगोटे घेऊन येतो. त्यांच्या दोन काळ्या रेघा पुढे नदीभर जातात. फोटोत पाहिलं तर कुणी बैलगाडी हाकत नेली असावी असं वाटतं. चाकोरी म्हणतात ती हीच. त्या प्रवाहांपैकी एकाच्या नावाचा अर्थ आहे चिरंतन बर्फाचं शेत. नाव ठेवणारे फार भाबडे असावेत.

पण माझं मन अडकलं ते खालच्या गावांच्या गोष्टीत. एके काळी ही नदी वाढत होती. तिच्या कडेला मार्येलन नावाचं तळं आहे. बर्फाने अडवलेलं त्याचं पाणी मधूनच बांध फोडून खाली यायचं आणि फिशरटालमधली शेतं, घरं धुऊन न्यायचं. शेवटी १६७८ मध्ये, म्हणजे इकडे शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवरून परतले त्या सुमारास, तिथल्या लोकांनी नवस केला: आम्ही सदाचाराने वागू, पण ही नदी मागे ने. पुढे त्यासाठी दरवर्षी मिरवणूक निघू लागली.

"सदाचार?" सौभाग्यवती म्हणाल्या. "तोही पिढ्यान् पिढ्या? आपल्याकडे पाच नारळांवर भागतं."

देवाने ऐकलं. जरा जास्तच ऐकलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नदी जी मागे निघाली ती आजवर तीन किलोमीटरहून जास्त मागे गेली. बर्फाची पातळी उतरली तसं तळंही आक्रसलं. पुराची भीती जाऊन ते आता बिचारं सहलीची जागा झालंय. मग गावकरी घाबरले ते उलट्या बाजूने. बर्फच संपला तर उन्हाळ्यात पाणी कुठून येणार? पण नवस परस्पर बदलायचा कसा? त्यांनी थेट पोपकडे अर्ज केला आणि २०१० साली परवानगी मिळाली. आता तेच लोक नदी वाढू दे म्हणून प्रार्थना करतात. अर्जाची ही रीत मला फार आवडली. नवस बोलताना पुरे कधी म्हणायचं हे ठरवलेलं नसतं, ही अडचण आपल्याकडेही असणारच. फक्त अर्ज कोणत्या खिडकीवर करायचा ते ठाऊक नसतं.

उद्या पहाटे निघायचंय. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुडघ्याचा पट्टा पिशवीत गेले आहेत. जावईबापूंनी शीटमध्ये "दशम्या" असा रकाना घातला, पंधरा मिनिटांचा. हवामानाच्या अंदाजात दुपारनंतर पाऊस दिसतोय, म्हणून सौभाग्यवतींनी पुण्याहून आणलेल्या छोट्या गणपतीपुढे साखरेची वाटी ठेवली आहे.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"उद्या संध्याकाळी सहापर्यंत स्वच्छ ऊन," त्या म्हणाल्या. "आणि मग थंडीत भरपूर बर्फ. आणि हो, पुरे झालं की कळवीन, असंही सांगितलंय."