मला न्हाई झोंबत

प्रत्येक आळीत अशी एक काकी असतेच. तिला इंजेक्शन दुखत नाही, चहा पोळत नाही, ऊन लागत नाही. आमच्या नेऱ्यातल्या काकींना मिरची झोंबत नाही.

होळी झाली की मार्केट यार्डातून पोती येतात. रंगाला ब्याडगी, जाळाला लवंगी. पलीकडे हिंजवडीचे काचेचे टॉवर चमकत असतात आणि इकडे गच्चीत जुन्या पातळावर मिरच्या पसरून काकी देठं खुडायला बसतात. आमच्यासारखे हौशी मदतनीस थोड्याच वेळात नळाखाली हात धरून बोंबलत असतात. काकींचं पालुपद एकच, "मला न्हाई झोंबत."

नाही कसं? बसण्याआधी हाताला गोडंतेल चोळतात. का, तर "भेगा पडल्यात." नाक दंडाला पुसतात, कपाळावरची बट कोपरानं सारतात, फोन वाजला तर सुनेनं तो कानाला धरायचा. संध्याकाळी दोन्ही हात मनगटापर्यंत ताकाच्या पातेल्यात. काय करताय काकी? "लोणी आलंय का बघते." लोणी सकाळीच काढून झालेलं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

नातू हिंजवडीतच नोकरीला. त्यानं एकदा शाळा घेतली. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढुरक्या शिरेला चिकटतात तिच्यात असतो. त्यातलं कॅप्सेसिन पाण्यानं जात नाही, तेलात विरघळतं. चटका ओळखणाऱ्या नसांनाच ते डिवचतं, म्हणून काही भाजलेलं नसताना आग आग होते. हे उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. काकींनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांनी किती किलो खुडल्या?" नातवानं आणलेले रबरी हातमोजे दुसऱ्या दिवशी परसातल्या बुजगावण्याच्या हातात दिसले.

काकींचं माहेर कासारसाईकडचं. २००५ च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला आणि त्याच सुमारास या भागात गुंठ्याला सोन्याचा भाव आला. बहिणींना गाडीत घालून पौडला नेलं, हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या, भावानं एकेक साडी दिली, हॉटेलात जेवू घातलं. येताना धाकटी रडायला लागली. काकींनी तिला काय सांगितलं असेल, ते वेगळं लिहायला नको. हे सुनेकडून कळलं तेव्हापासून मी लोण्याची चौकशी करणं सोडलं.

त्या भावाच्या बंगल्यातला वर्षाचा मसाला आजही काकीच करून पाठवतात. त्याचं कांडप वेगळं असतं. त्यात ब्याडगी नावाला. डबा पोचला की आठवड्याभरात फोन येतोच, "आक्का, यंदा लई जाळ झालाय गं."

सून फोन धरून उभी. काकी साखरेसारख्या आवाजात विचारतात, "झोंबला व्हय?"