टॅली लागत नाही

परवा आमच्याच टॉवरचं ब्रोशर आमच्याच हातात पडलं. कागद इतका जाड आणि गुळगुळीत की वहिनींनी आधी त्यावर कुरडया वाळतील का, ते बोटाने चाचपून पाहिलं. आत निळाशार समुद्र, त्यात एक पांढरी बोट, आणि बाल्कनीत पांढऱ्या कपड्यातली एक बाई मोठ्या कपातून कॉफी पीत समुद्राकडे बघतेय. खाली ओळ होती : ‘बंदराच्या वारशात राहायला या.’

आम्ही माझगावकर गेली तीन पिढ्या या वारशात राहत होतो. कोणी बोलावलं नव्हतं, एवढाच फरक.

ब्रोशर फिरत फिरत अण्णांकडे गेलं. अण्णा गोदीत चौतीस वर्षं टॅली क्लार्क होते. जहाजातून माल उतरताना धक्क्यावर उभं राहून तो मोजायचा, हे काम. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाला पाचाचा जुडगा. मुकादम म्हणेल ते खरं नाही, मालाच्या यादीचा कागद, म्हणजे मॅनिफेस्ट, म्हणेल तेही खरं नाही; डोळ्यांसमोरून उतरला तेवढाच माल. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण कानावरची पेन्सिल अजून रिटायर झालेली नाही.

अण्णांनी चष्मा पुसला आणि चौकशी सुरू केली.

“ही बाई कुठे उभी आहे?”

“बाल्कनीत.”

“बाल्कनी कुठे आहे?”

“विकायच्या फ्लॅटांच्या सेल बिल्डिंगमध्ये.”

“आणि समुद्र?”

“पूर्वेला. बाईच्या पुढे.”

“आणि आपण?”

“आपण जुन्या रहिवाशांच्या रिहॅब बिल्डिंगमध्ये. बाईच्या पाठीमागे.”

अण्णांनी ब्रोशरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक छोटी रेघ मारली. ती कशाची, ते सांगितलं नाही.

नव्या मंडळींना माझगाव म्हणजे फ्रीवेवरून दिसणाऱ्या क्रेनचं नाव वाटतं, म्हणून थोडा इतिहास. मुंबईच्या सात बेटांतलं हे एक. पाडकामाची परंपरा जुनी आहे. इथल्या टेकडीवर इंग्रजांचा किल्ला होता. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने तो घेतला आणि १६९० साली जाताना पाडून गेला. त्यासाठी त्याने आताच्या पुनर्विकासासारखी एक्कावन्न टक्के रहिवाशांची लेखी संमती घेतल्याचं इतिहासात कुठे आढळत नाही. त्या भानगडीत इंग्रजांना औरंगजेबाला दीड लाख रुपये दंड मोजावा लागला, तेव्हा कुठे सिद्दी मुंबईतून हलला. माणूस जागेवरून हलायला हवा असेल तर कोणालातरी पैसे मोजावे लागतात, हा मुंबईचा पहिला धडा आम्ही तिथेच शिकलो.

पुढे १८८० साली प्रिन्सेस डॉक झाला, १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात. गोदी आली तशी माणसं आली. कोकणातले चाकरमानी, गोव्याचे खलाशी, बोहरी व्यापारी, आणि या सगळ्यांच्या आधीपासून म्हातारपाखाडीत राहणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. टिळकांचे स्नेही काका बाप्टिस्टा, म्हणजे १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ बाप्टिस्टा, याच पाखाडीतले. किल्ल्याच्या जागी आता त्यांच्या नावाची बाग आहे. पूर्वी संध्याकाळी बागेच्या कठड्याला टेकलं की खाली डॉकयार्ड रोड स्टेशन, पलीकडे गोदी आणि त्यापलीकडे जहाजं असा सगळा संसार फुकट दिसायचा. त्याला तेव्हा ‘हार्बर व्ह्यू’ म्हणायची पद्धत नव्हती. ‘जरा वारा खाऊन येतो’ म्हणत.

घरांचा भाव म्हणाल, तर १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. पोटात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा. त्यातली साडेबारा-तेरा किलोची एक वीट मैलभर उडाली आणि एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून उतरली. त्यांनी ती मुकाट्याने परत केली. तेव्हा सोनं पडलं म्हणून छप्पर फुटलं. आता छप्पर फोडल्याशिवाय सोनं पडत नाही.

आमची इमारत ‘उपकरप्राप्त’ होती. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वहिनींना वाटलं, सरकारने आपल्यावर उपकार केलेत. उपकार नव्हे, उपकर. तो आम्ही वर्षानुवर्षं भरला, त्यातून इमारतीची दुरुस्ती व्हायची, आणि दुरुस्ती म्हणजे टेकू. गॅलरीला टेकू, जिन्याला टेकू. शेवटी शेवटी तर कोणता वासा इमारतीचा आणि कोणता टेकूचा, हे नव्या सुनेला समजावून सांगावं लागे. मालकाचा दोष मात्र मी काढणार नाही. मुंबईतली भाडी कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठवलेली. आम्ही महिन्याला जे भाडं देत होतो, त्यात मालकाला फार तर एक टेकूच आणता आला असता, तोही उधारीवर.

तेव्हा जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे इथेच डॉकयार्ड रोडला एक इमारत कोसळली, महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची. एकसष्ट माणसं गेली. त्यानंतर कित्येक महिने रात्री पलीकडच्या खोलीत कपाट सरकवलं तरी आमच्या मजल्यावरचे सगळे उठून बसत. पाडायला हवी होती आमची इमारत. ते आम्हाला बिल्डरच्या आधी कळलं होतं.

आमच्या जागेचा भाव मात्र बिल्डरला आमच्याआधी कळला. तो पहिल्यांदा गच्चीवर आला, तेव्हा त्याने भेगा पाहिल्या नाहीत, टेकू पाहिले नाहीत. थेट पूर्वेच्या कठड्यापाशी गेला आणि समुद्राकडे बघत उभा राहिला. गच्चीवर वाळत घातलेल्या बोंबलांकडेही त्याने दुर्लक्ष केलं. त्या दिवशी रात्री अण्णा म्हणाले, “हा माल बघायला आला होता. माल म्हणजे आपण नव्हे.”

मग मीटिंगा झाल्या. आमच्याकडे मीटिंग म्हणजे प्रत्येक जण बोलतो आणि शेवटी भजी खाऊन उठतात. त्यातही नियम कळले : संमती एक्कावन्न टक्के, घर किमान तीनशे चौरस फूट कार्पेट, वर बिल्डरच्या मनाला येईल तेवढं. आमची खोली एकशे ऐंशी. तीनशे म्हणताच बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात संडास! पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या बाईला वारसा, समुद्र, क्षितिज यांतलं काहीही विचारून बघा, ती आधी संडासाची कडी कुठल्या बाजूला आहे ते विचारेल. स्वतःचा संडास हा आमचा जन्मसिद्ध हक्क होता आणि तो आम्ही सही करून मिळवला. एकालाही त्याचा पश्चात्ताप नाही, मलाही नाही.

अण्णांनी फक्त एक शंका काढली. “प्लॅनवर आपली इमारत पश्चिमेला का?”

बिल्डरचा माणूस हसला. “आजोबा, वास्तूप्रमाणे.”

“कोणाच्या?”

यावर भजी आली.

मग आम्ही भाड्याच्या घरांत पांगलो. कोणी घणसोलीला, कोणी कळव्याला, कोणी थेट विरारला. गंमत अशी की, गोदीचं काम आमच्याआधीच पांगलं होतं. १९८९ साली पलीकडे न्हावाशेव्याला नवं बंदर झालं आणि कंटेनर तिकडे जाऊ लागले. इकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या भराव घालून बुजवल्या. तिकडे जायला शिवडीहून जवळपास बावीस किलोमीटरचा पूल झाला तो २०२४ साली. काम पलीकडे गेलं आणि पस्तीस वर्षांनी पूल आला, तोवर कामगार रिटायर. आता ब्रोशरमध्ये लिहिलंय, ‘न्हावाशेवा काही मिनिटांवर’. अण्णा म्हणतात, “नोकरी होती तेव्हा हे मिनिटांवर असतं तर बरं झालं असतं.”

ब्रोशरच्या मधल्या पानावर म्हातारपाखाडीतलं एक घरही आहे. बाहेरून चढणारा लाकडी जिना, कोरीव सज्जा, दाराशी कुंड्या. शीर्षक, ‘आपला शेजार’. पाखाडीतले लोक तो जिना दुरुस्त करायला सुतार शोधून थकले, पण फोटोग्राफर मिळायला अडचण नाही. रविवारी तर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी रांग लावतात. वारशाचं हे असंच असतं. तो समोरच्याच्या घरात असावा आणि आपल्या घरात लिफ्ट असावी.

आणि आली बाबा एकदाची लिफ्ट. गेल्या आठवड्यात ताबा मिळाला. चौदावा मजला. भिंती सरळ, फरशी चकचकीत, नळाला पाणी, संडासाला कडी (डावीकडे). वहिनींनी आधी नवा संडास पाहिला, मग देव मांडले. क्रम देवांनी समजून घेतला असणार. मेंटेनन्सचा आकडा ऐकून मात्र आमच्या जुन्या मालकाचा आत्मा हसला असेल.

मी खिडकी उघडली. समोर पोडियम. सेल बिल्डिंगच्या पार्किंगचे सहा मजले, त्यावर हिरवळ, हिरवळीवर निळा तरणतलाव, आणि त्यामागे आभाळ अडवून सेल बिल्डिंग. समुद्र म्हणाल तर तेवढाच निळा. त्यांचं गेट बंदराकडे, आमचं गल्लीकडे. टॉवरला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. आमच्या बाजूला ‘ए विंग’ म्हणतात. टॅक्सीवाल्याला इटलीचं नाव सांगितलं की तो सेल बिल्डिंगच्या दाराशी नेतो. मग आम्ही उतरून मागून चालत येतो. उरलेल्या आयुष्याचा व्यायाम झाला.

ताब्याच्या दिवशी मी खिडकीशी असतानाच बिल्डरचा माणूस ताबापत्र घेऊन आला. त्यावर छापलेलं होतं : ‘वरीलप्रमाणे सर्व मिळाले. माझी काही तक्रार नाही.’ सगळ्यांनी पटापट सह्या केल्या. अण्णांनी कागद घेतला आणि घरभर फिरले. टेपने भिंत मोजली, नळ उघडला, दिवा लावला, प्रत्येक वस्तूला एक रेघ. मग गच्चीवर जायचंय म्हणाले. गच्ची बंद होती, चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी अजून निवडायचा होता. अण्णा परत खिडकीशी आले आणि तिथेच बराच वेळ उभे राहिले. एकतीस डिसेंबरला रात्री बाराला बंदरातली जहाजं भोंगे वाजवायची, तेव्हा आमच्या जुन्या गॅलरीत ते असेच पेन्सिल घेऊन उभे असायचे. किती जहाजं आहेत, ते भोंग्यांवरून मोजत.

शेवटी त्यांनी सही केली. खाली गोदीतल्या जुन्या पद्धतीने शेरा लिहिला : ‘घर १, मिळाले. संडास १, मिळाला. समुद्र १, कमी उतरला.’

बिल्डरच्या माणसाने वाचलं. “आजोबा, समुद्र अ‍ॅग्रीमेंटमध्ये नव्हताच ना!”

“नव्हता,” अण्णा पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले. “म्हणून तर क्लेम करत नाहीये. मॅनिफेस्टात नसलेला माल चोरीला गेला, असं आमच्या गोदीतही कोणी म्हणू शकायचं नाही. मुकादमाला ते पक्कं माहीत असायचं.”