चिमणी दाणापाणी योजना : अपात्र लाभार्थी वगळण्याबाबत

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत ज्यांच्या गॅलरीत निदान दोन कुंड्या आहेत आणि २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, ज्यांना चिमण्यांचा उमाळा येतो, अशा सर्व कुटुंबांना ही योजना लागू राहील. लाभार्थी : चिमणी, वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम. मुनिया आल्यास तिलाही सामावून घ्यावे. शिंजीर दाणे खात नाही. त्याची रवानगी जास्वंदीच्या कुंडीकडे करावी. अपात्र : कबूतर. वजन दहा चिमण्यांएवढे, आत्मविश्वास मोजलेला नाही.

पहिल्या दिवशी उघड्या वाटीत बाजरी घालून ती कठड्यावर ठेवावी. याने चिमण्या येत नाहीत, पण परिसरातील कबुतरांची शिरगणती होते. दोन-चार दिवसांत एसीच्या बाहेरच्या खोक्यामागे चार काटक्या दिसतील. कबुतरांच्या बांधकाम नियमावलीनुसार एवढ्याला घरटे म्हणतात. त्यात दोन अंडी पडतात, ती उबायला अठराएक दिवस लागतात, पिल्ले उडायला त्यावर महिनाभर. तोवर कुटुंबाने पंख्याखाली झोपावे.

मग घरातील ज्येष्ठ मंडळी उपाय सुचवतील. जुन्या सीडी टांगाव्यात. कबूतर त्यांत पाहून मान फुलवते. प्लास्टिकचे घुबड आणावे. ते एक दिवस दरारा राखते आणि नंतर बसायला बरे पडते. गॅलरीत आजोबांना टॉवेल देऊन बसवणे हा उपाय मात्र खात्रीचा आहे. फक्त आजोबांच्या चहाची वेळ कबुतरांना पाठ असते.

खरे धोरण चिऊताईने काऊच्या बाबतीत कधीच ठरवून ठेवले आहे : दारच उघडायचे नाही. त्याची तांत्रिक बाजू अशी. दाण्याच्या भांड्याभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करावा, चौकोन सुमारे चार सेंटिमीटरचा. चिमणी त्यातून आरामात आत जाते. तिच्या घरट्याच्या पेटीला तर ३२ मिलिमीटरचे भोकही पुरते. कबुतराचे अंग अडकते, मान मात्र अडकत नाही. म्हणून भांडे जाळीपासून निदान वीतभर आत हवे. ही वीत वाचवणाऱ्यांनी केवळ कबुतरांसाठी खिडकीवाले भोजनगृह बांधले असे समजण्यात येईल. खाली ताटली लावावी, नाहीतर सांडलेले दाणे तळमजल्यावर पोचतात आणि तिथून लेखी तक्रार वर येते. बाजरी किंवा तांदळाची कणी, संपेल एवढीच घालावी. उरलेले फरसाण हे पक्ष्यांचे खाद्य नव्हे. ते आपलेही नसावे, पण तो विषय वेगळा.

कावळ्याची बाब नाजूक आहे. पितृपक्षात ज्याने पानाला शिवावे म्हणून आपण हात जोडून उभे असतो, त्याला एरवी हुसकावताना शब्द जपून वापरावेत. तरी तो चिमणीची अंडी-पिल्ले पळवतो, हे विसरू नये. घरट्याच्या पेटीला बाहेर बसायची दांडी लावू नये. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याची मात्र सोय होते.

वरच्या मजल्यावरून कोणी पुण्यासाठी ज्वारी उधळत असेल, तर वरील सर्व कलमे निष्प्रभ ठरतात. तरीही वाद घालू नये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि जमावाने ती ताडपत्री ओढून काढली. हाताशी उच्च न्यायालय असून महापालिकेची ही गत झाली. आपल्या हाताशी सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

पिंजरा टांगल्यावर आठवडे जातील. चिमणी समोरच्या तारेवर बसून विचार करील. एवढ्या काळात कुंड्यांवर कीटकनाशक फवारू नये, कारण तिच्या पिल्लांना दाणे नव्हे, अळ्या आणि किडे लागतात. मावा पडलेली जास्वंद हा योजनेचाच भाग मानावा.

दरम्यान एके सकाळी त्या चार सेंटिमीटरच्या चौकोनातून खार आत शिरून सगळी बाजरी संपवील. खार पक्षी नसल्याने तिच्याबाबत स्वतंत्र परिपत्रक काढण्यात येईल.